विळा, दिवा, चिंच

पौर्णिमा, मी तुही आजी सांगतो तसं लिही. मधात सुधरू नको.

तुही बहीण रागिणी पाच वर्सं अमरावतीले शिकली. बी.ए. न एम.ए., दोन्ही एकाच कोर्सात, मनाचं शास्त्र. शेवटी तिनं ते जाडं काळं बुक बांधून आणलं, सोनेरी अक्षराचं. त्याच्यात साठ म्हाताऱ्या माणसाइची माहिती हाये. नाव कोणाचं नाई, नुसते नंबर. तुनंच मले वाचून दाखवलं. त्या साठात तुह्या आबाचा नंबर नाई. पहिले होता, मंग काढला. काहून काढला ते बुकात लिहेल नाई, न रागिणी आपल्या तोंडानं कोणाले सांगत नाई. चूक माही होती. म्हणून मी सांगून राहिली. कुठी तरी लिहून ठेवाले पाह्यजे.

रागिणी लहानपणापासून जराक निराळीच. सात वर्साची असन, तवा आपल्या शेजारच्या भागीरथाची म्हैस मेली. दुभती म्हैस होती, भागीरथा गोठ्यात बसून रडे. सारे आले न एकच बोलले, जाऊ दे बाई, दुसरी घेजो. ही पोट्टी गेली न तिच्या बाजूले मुकाट्यानं बसली. दुपारभर बसली. जेवाले बलावलं तरी आली नाई. भागीरथा अजून सांगते, "मनकर्णे, तवा अख्ख्या गावात तुही नातच एकटी अशी, का जिनं मले शहाणपण शिकवलं नाई."

बारावी झाली तवा तुह्या बापाले, किशोरले, वाटे का पोरगी नर्स होईन नाईतर मास्तरीण होईन. हिनं अमरावतीच्या कॉलेजचा फारम आणला. किशोरनं इचारलं, "हे काय असते?"

"मनाचं शास्त्र, बाबा."

"याच्यानं नोकरी लागते का?"

"लागते."

"कोणाले लागली?"

आबा बंगईवर झोके घेत आयकत होते. ते म्हणे, "पोरी, मन नेमकं कुठी असते वं? डोक्यात का छातीत?"

रागिणी म्हणे, "आबा, ते शिकालेच तर चालली."

"मंग जाय. समजलं का मले सांगजो."

झालं. आबानं हो म्हटलं का आमच्या घरात मंग कोणी नाई म्हणत नोयतं.

गावात भल्ली मजा केली लोकाइनं. पागलाइची डॉक्टर म्हणत तिले. सुट्टीत आली का भागीरथा फाटकातूनच आवाज दे, "आली का वं डॉक्टरीण? माह्या सुनेले तपास एकडाव. दिवसभर फोनवर एकटीच हासते." रागिणीबी कमी नोयती. म्हणे, "काकी, पहिले सासू तपासा लागते. दुखणं तठूनच निंगते." भागीरथा हासून हासून लाल होये.

तीन वर्सं झाले. तवा एक गोष्ट समजली का या पाच वर्साच्या कोर्सात तीन वर्सावरबी थांबता येते. तेवढ्याचा बी.ए.चा कागद भेटते न घरी येता येते. त्याच टायमाले अकोल्याहून सोयरीक आली. पोरगा बँकेत, घर सोताचं. पोरगी लगेच पाह्यजे होती त्याइले. किशोर म्हणे, कागद तर भेटूनच राहिला, थांबू दे आता. तुही माय गीतांजलीबी मनातून तयार झाली होती. खरं सांगतो, मीबी झाली होती.

आबा उठले. खुंटीवरची टोपी घातली, जसे पंचायतीत चालले, न म्हणे, "किशोर, तू दर्यापूरहून अमरावतीचं तिकीट काढतं. मंग गाडी वलगावले थांबली म्हणून तू तठी उतरतं का?"

"ते निराळं हाये, आबा."

"काय निराळं हाये? तिचं तिकीट अमरावतीचं हाये. ती काहून वलगावले उतरन?"

सोयरीक गेली. रागिणीचे पुढचे दोन वर्सं आबानं वाचवले, हे ध्यानात ठेव. पुढं जे झालं ते याच्यामुळंच मले जास्त लागते.

आता आबाचं सांगतो. पंजाबराव म्हटलं का पंचक्रोशीत एकच गोष्ट आठवे, या माणसाचं ध्यान. कोणत्या साली कोणाच्या वावरात किती कापूस पिकला, कोणाची आजी कोणत्या गावची, कोणाच्या बैलाचं नाव काय होतं, सारं तोंडपाठ. लगनात गोत्राचं अडलं का त्याइले बलावत. तेच आबा एक दिवस सकाळी चहात साखर म्हणून मीठ टाकून पेले. पेले न काही बोलले नाई. म्या कपातला उरलेला घोट चाखला तवा समजलं.

मंग एक दिवस किशोरले "सदाशिव" म्हणून हाक मारली. सदाशिव म्हणजे त्याइचा भाऊ, तो जाऊन चाळीस वर्सं झाले. मंग आपलं वावर सोडून दुसऱ्याच्या वावरात जाऊन तूर सोंगाले लागले. म्या सारं झाकलं. मिठाचा डबा वर ठेवला. वावरात मी संग जाऊ लागली. कोणी काही इचारलं का आबाच्या आंधी मी बोलो. झाकाचं काहून? अवं, घरात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं गावात समजलं का लोक काय म्हणतात? घराण्यात हाये म्हणतात. न घरात दोन नाती लगनाच्या. एक रागिणी, न दुसरी तू.

चौथ्या वर्सी, माघात, हरभऱ्याले घाटे धरले होते तवा रागिणी घरी आली. संग कागदाचा गठ्ठा. म्हणे, "आजी, मले साठ म्हाताऱ्या माणसाइले प्रश्न इचाराचे हायेत. वीस वलगावचे, वीस भातकुलीचे, वीस आपल्या गावचे."

"कायचे प्रश्न?"

तवा तिनं मले समजावून सांगतलं. म्हणे, म्हाताऱ्या माणसाचं ध्यान कमी होऊन राहिलं का नाई ते पाहाचे कागद शहरातल्या लोकाइनं तयार केले. त्याच्यात इचारतात आज तारीख कोणती, सन कोणता. ज्यानं कधी शाळा पाहिली नाई तो कसा सांगन? तो शहाणा असूनबी नापास होते. म्हणून हिनं आपले प्रश्न केले. आज तीथ कोणती, वार कोणता, कापसाची पऱ्हाटी कवा लावतात, तूर कवा सोंगतात, गावच्या कोणत्या बाजूले काय हाये. न तीन शब्द सांगाचे, मधात दुसऱ्या गोष्टी इचाराच्या, मंग त्याइनं ते तीन शब्द परत सांगाचे. विळा, दिवा, चिंच. असे तीस मार्क.

"मले येईन हे सारं," मी म्हटलं.

"मॅडमले हेच तर दाखवाचं हाये, आजी. याच्यावरच माही पदवी हाये."

बस, एवढंच मी ध्यानात ठेवलं. याच्यावरच तिची पदवी हाये.

आता तुले हासू येईन, पण मले जे समजलं ते असं. गावातल्या वीस बुढ्या-बुढ्याइची परीक्षा घ्याची, न ते पास झाले तर रागिणी पास. नापास झाले तर रागिणी नापास. मी कधी शाळेत गेली नाई. परीक्षा म्हणजे मले एवढंच माईत, का पास व्हा लागते. तिले कोणाचं दुखणं शोधाचं हाये, नापासबी कामाचा असते, हे माह्या डोक्यातच आलं नाई.

पहिल्या दिवशी तिनं भागीरथाले नुसतं करून पाहाले इचारलं, तिचा खरा कागद मंग भराचा होता. मी खिडकीखाली तांदूळ निवडत होती, सारे प्रश्न आयकले. संध्याकाळी मारोतीच्या पारावर आमी साऱ्या बसलो तवा मी म्हटलं, "बायाहो, आपल्या गावची पोरगी हाये. गावाचं नाक हाये. तीन शब्द पाठ करून ठेवा, आपापल्या बुढ्याइचे करून घ्या." भागीरथा म्हणे, "अवं, मले तर चिंच आठवलीच नोयती. आंधी सांगतलं असतं तर काय झालं असतं तुले?" साऱ्याइनं पाठ केलं. गावानं मिळून पोरीले पास कराचं ठरवलं, माह्या सांगण्यावरून.

न घरी मी आबाले घेऊन बसली. तीन दिवस. न्हाऊ घालतानी विळा, दिवा, चिंच. जेवतानी विळा, दिवा, चिंच. ते चिडत. म्हणत, "मी काय पोट्टं हाव का?" मी म्हणो, "पाठ झाल्याबिगर चहा नाई." मंग म्हणत, लहान्या पोरावानी, बंगईवर झुलत झुलत.

चौथ्या दिवशी रागिणीनं आबाले ओसरीत बसवलं. मले म्हणे, "आजी, तू बाहेर बस."

मी बाहेर गेली न मांगून येऊन चुलीपाशी बसली. मधात फक्त पडदा.

"आबा, आज वार कोणता?"

आबा बोटावर मोजाले लागले. मी तुह्या मायले मोठ्यानं म्हटलं, "गीतांजली, आज अंगारकी हाये न वं? साबुदाना भिजवजो."

गीतांजली माह्या तोंडाकडं पाहात राहिली. म्हणे, "आई, भिजवला न सकाळीच. तुमीच तर सांगतलं."

तिकडून आबा म्हणे, "मंगळवार. अंगारकी."

असं झालं. कुठी अडले का मी इकडं भांडं वाजवो, सुनेशी बोलो. एकडाव म्हशीशी बोल्ली. शेवटी रागिणीनं तीन शब्द इचारले, न आबानं धाडकन सांगतले. तीसातून अठ्ठावीस मार्क. रागिणी नाचतच आत आली, माह्या गळ्यात पडली. म्हणे, "आजी, आबाले अठ्ठावीस! मले उगीच भेव वाटून राहिलं होतं. फोनवर एकच गोष्ट तीन-तीनदा सांगत. मले वाटे आबाले काही होऊन राहिलं. काहीच नाई, आजी, काहीच नाई."

ती रडत होती आनंदानं. न मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तवा सांगाचं होतं मले. तवा सांगतलं असतं तर बरं झालं असतं. पण मले वाटलं, पास झाली न पोरगी, मंग काय सांगाचं?

एक वर्स गेलं. आबा हळूहळू उतरत गेले, म्या झाकत गेली. किशोरनं एकदोनदा म्हटलं का आबाले दाखवू. तर त्यालेबी मीच म्हटलं, "रागिणीनं तपासले न? ती शिकून राहिली, तुले जास्त समजते का?" तिच्याच कागदानं मी साऱ्याइचं तोंड बंद केलं.

पाचव्या वर्सी रागिणी अकोल्याले होती. तठी एका दवाखान्यात काम शिकाचं होतं चार महिने, मावशीच्या घरी राहे. बुक लिहिणं सुरू होतं, चैतात द्याचं होतं. न संगच एका शाळेत नोकरीचं पक्कं झालं होतं. पोराइच्या मनाचं पाहाची, मोठ्या पगाराची. त्या शाळेची एकच अट होती, जूनपर्यंत पदवी पाह्यजे.

पुन्हा हरभऱ्याचे दिवस आले. एक दिवस आबा "ढोरं पाहून येतो" म्हणून सकाळी निंगाले ते आलेच नाई. वावरात नाई, पारावर नाई. साऱ्या गावानं विहिरी पाहिल्या. विहिरीत वाकून पाहातानी मी मनात काय काय बोलली ते देवालेच माईत. दुसऱ्या दिवशी दर्यापूरचा जीपवाला चंदन सांगाले आला. म्हणे, "बुढा काल माह्या जीपमंधी दर्यापूरले आला. तठून अकोल्याच्या गाडीत बसला. हातात हिरव्या हरभऱ्याची जुडी होती. नातीले द्याची म्हणे."

किशोरनं रागिणीले फोन केला. ती दवाखान्यातून तशीच पळाली. स्टँडवर पाहिलं, रेल्वेवर पाहिलं. मंग तिच्या ध्यानात आलं का आबा तरणे असतानी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याले जात. ती कापूस बाजाराच्या फाटकाकडं गेली. तठी आबा भिताडाले टेकून बसले होते. पायात एकच चप्पल, पाय सुजेल. जुडी मांडीवर, पार सुकून गेलेली.

पुढचं रागिणीनं मले सांगतलं ते सांगतो. ती धावत गेली नाई म्हणे. शिकली होती न, एकदम अंगावर गेलं का असे माणसं घाबरतात. बाजूले जाऊन बसली, भागीरथाच्या बाजूले बसली होती तशीच.

आबानं तिच्याकडं पाहिलं. म्हणे, "बाई, तू अठचीच का?"

"हो."

"माही नात अठी शिकते. रागिणी नाव हाये. माईत हाये का तुले?"

रागिणी म्हणे, "हुशार हाये का तुमची नात?"

"हुशार? अवं, तिची परीक्षा म्याच पास केली. तीन दिवस पाठ केलं. विळा, दिवा, चिंच. तिची आजी भल्ली खडूस, पाठ झाल्याबिगर चहा देत नोयती." न हासले. "वार नाई आला मले. तर बुढीनं चुलीपासून सांगतला."

एवढं सारं इसरला तो माणूस, नात समोर बसली तिले इसरला, पण हे इसरला नाई.

रागिणीनं ती जुडी घेतली, वाळेल घाटे सोलले, एक त्याइले दे, एक आपण खाये. सारी जुडी संपली तवा म्हणे, "चला आबा, तुमच्या नातीकडं नेतो." तिच्या मांगं मांगं चालत आले म्हणे, तिच्या बॅगचा पट्टा धरून.

अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो काढले डोक्याचे. म्हणे, मेंदू सुकत चालला. एक वर्स आंधी आणलं असतं तर गोळ्याइनं जराक थोपवता आलं असतं. बरं झालं नसतं, पण थोपवता आलं असतं.

रागिणी आबाले घेऊन घरी आली. त्याइले निजवलं न माह्यापाशी चुलीजवळ येऊन बसली.

"आजी, तुले माईत होतं का आबाचं?"

"माईत होतं."

"कवापासून?"

"चहात मीठ टाकलं तवापासून. तुह्या परीक्षेच्या आंधीपासून."

मी म्हटलं, "मार मले." तिनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं. मंग खाली पाहून इचारलं, "आजी, तू अजून कोणाले सांगतले होते ते शब्द?"

पौर्णिमा, तवा मी खोटं बोल्ली असती तर तुह्या बहिणीची पदवी टायमावर झाली असती. एक आबाचा कागद काढला असता, बाकीचं बुक जसंच्या तसं. माह्या तोंडावर आलंबी होतं, का नाई वं, कोणालेच नाई. पण वर्सभर झाकलं त्याचं फळ बाजूच्या खोलीत निजेल होतं. मी म्हटलं, "साऱ्याइले. पारावर बसून."

"वीसच्या वीस?"

"हो."

ती उठली, ताटं घासले, न सकाळच्या गाडीनं गेली. आठ दिवस फोन नाई. मी रोज किशोरले इचारो, तो म्हणे कामात हाये.

नवव्या दिवशी आली. म्हणे, आपल्या गावचे वीस कागद तिनं काढून टाकले. तिच्या रमा मॅडम म्हणत का आबाचा एक काढ, बाकीचे राहू दे, टाइम नाई. पण हिनंच त्याइले सांगतलं का सारे पढवेल हायेत. आता नवे वीस पाह्यजे, बुक चैतात जात नाई, सहा महिने लांबलं.

किशोर भडकला. "कोणाले समजते वं? कॉलेजवाले काय गावात येऊन पाहातात? नोकरी चालली तुही!"

रागिणी हळूच बोल्ली. "बाबा, उद्या कोणी डॉक्टर हेच प्रश्न इचारून एखाद्या म्हाताऱ्याले म्हणन का तू ठीक हायेस, घरी जाय. न तो ठीक नसन."

"असा कोण म्हणते?"

"मी म्हटलं न. आपल्या आबाले."

किशोर खाली बसला. मंग ती माह्याकडं वळली. म्हणे, "आजी, तू एकटी रडू नको. मॅडमनं मले पहिलेच सांगतलं होतं का घरच्याचा कागद घेऊ नको, आपल्या माणसाले तपासतानी आपले डोळे फितूर होतात. म्या आयकलं नाई. पडद्यामांगून तुहा आवाज येऊन राहिला होता, मले काय आयकू नाई येत? मले त्याइले पास पाहाचं होतं."

तवा ती रडली. या वेळी तिच्या पाठीवर हात ठेवाची माही हिंमत झाली नाई.

नोकरी गेली. अमरावतीले तिच्याच खोलीवर राहे ती मैत्रीण इशिता, ते नोकरी तिले लागली. इशिता फोनवर रडत होती, रागिणीच तिले समजावत होती का तू घे, माह्यासाठी सोडू नको. वैशाखाच्या उन्हात रागिणी भातकुलीच्या पलीकडच्या खेड्याइत फिरली. सकाळच्या गाडीनं जाये, तोंड काळं पडून येये. नवे शब्द केले, कोणालेच सांगतले नाई, तुलेबी नाई. भागीरथा एक दिवस आली, अंगठा पुढं करून म्हणे, "पोरी, तुह्या कागदावर माहा अंगठा हाये तो माघारी घे. मले काय माईत, आमी चांगलं करून राहिलो म्हणून." रागिणीनं तिचा अंगठा हातात धरला न तिले बाजूले बसवलं.

कार्तिकात पदवी झाली. पेढे आणले, पण कोणी गावभर वाटले नाई. रागिणीनं तो कागद आबाच्या हातात देल्ला. आबानं इकडून तिकडून पाहिला, म्हणे, "कोणाचं लगन हाये?" रागिणी म्हणे, "माहं." आबा म्हणे, "मंग जा लागते." न टोपी मांगाले लागले. त्याइले टोपी देल्ली. दिवसभर घालून बसले.

आता रागिणी दर्यापूरले एका लहान्या दवाखान्यात बसते, हप्त्यातून तीन दिवस. लोक येतात. आंधी पागलाइची डॉक्टर म्हणत, तेच आता आपल्या बुढ्याइले घेऊन येतात. पगार थोडा हाये. सोयरीक अजून जमली नाई. आलेल्या दोघाइनं आबाले पाहिलं न परत गेले. मी जे झाकलं होतं ते आता उघडंच हाये.

परवा ती पुन्हा कागद घेऊन बसली. अकोल्याच्या डॉक्टरले दर सहा महिन्यानं दाखवा लागते, आबा कुठीवर आले ते. मले म्हणे, "आजी, तू निंबाखाली जाऊन बस. आवाज येईन तरी येऊ नको."

मी गेली. निंबाखाली बसली, पदर तोंडात धरून. तठूनबी आयकू येत होतं.

"आबा, आज वार कोणता?"

बंगईची कडी तेवढी कुरकुरली.

"आबा, म्या आता तीन शब्द सांगतले होते. सांगता का?"

आबा एकदम म्हणे, "विळा, दिवा, चिंच." भल्ल्या ऐटीत.

"हे नाई आबा. आजचे."

मंग त्याइनं आवाज देल्ला. पन्नास-पंचावन्न वर्सं देत आले तसाच. "अवं, कुठी गेली? सांग न वं."

मी बोल्ली नाई.

"अवं, सांग न. पोरगी बसली हाये."

मी निंबाचं खोड धरून बसली. तिनं सांगतले तवाच शब्द मले पाठ झाले होते, टोपली, मोर, पाणी. जिभेवर होते. नाई बोल्ली.

मंग आतून रागिणीचा आवाज आला, हळू, "राहू द्या आबा. नाई आलं तरी चालते."